विरळ

दिवाळीच्या सुट्टीत मेस बंद. ऊर्ध्वरेषे मॅडमचा डबा
आम्ही तिघांनी खाल्ला, हीलियम प्लांटच्या पायरीवर,
पाषाणच्या टेकडीकडे तोंड करून.
चकल्या मऊ पडल्या होत्या. त्याबद्दल कोणी बोललं नाही.

मी औंधच्या आयटीआयचा, फिटर ट्रेड.
वायूचा द्रव करणं माझं काम; पुढचं त्यांचं.
पण एकवीस वर्षं गार नळ्यांशेजारी बसलेल्या माणसाच्या
कानावर काहीतरी पडतंच.

ढेपे सांगतो: सिलिकॉनचा तुकडा, नखाएवढा.
त्याच्या कातडीखाली एक मजला आहे,
नुसती लांबी आणि रुंदी. उंची नाहीच.
तिथं इलेक्ट्रॉन राहतात. जिना नाही.
प्रत्येकाजवळ एक स्पिन.
"म्हणजे गरगर फिरतात?" मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.
"फिरत नाहीत," मॅडम म्हणाल्या, "पण फिरण्याचा गुण अंगात असतो."
मला वडील आठवले. पीएमटीतून निवृत्त झाल्यावरही
खुर्चीत बसल्या बसल्या वळण घ्यायचे.

दाटी असली की ते एकमेकांना मोजत नाहीत.
निम्मे वर, निम्मे खाली, बेरीज शून्य;
सकाळी नऊला विद्यापीठ चौकात आपण असतो तसे,
ज्याचा त्याचा वेग, ज्याचा त्याचा हॉर्न.
मग गेटचा व्होल्टेज उतरवायचा. हळू.
मजला रिकामा होत जातो
आणि वाटतं त्याच्या उलट घडतं:
जेवढे कमी, तेवढा एकाला दुसऱ्याचा धाक.
एकानं कूस बदलली की सगळ्यांना कळतं.

प्लांटवर आम्ही सात होतो तेव्हा
बिनसाखरेचा चहा कोणाचा, मला माहीत नव्हतं.
आता एकटा आहे,
तर ढेपेची चप्पल कॉरिडॉरच्या त्या टोकाला ओळखतो.

चुंबकाचं क्षेत्र मजल्याला समांतर लावतात, आडवं.
स्पिन वळायला लागतात, रेझिस्टन्स चढतो,
आणि एका जागी आलेख सपाट होतो.
सपाट म्हणजे सगळे एका दिशेला. वळायचं कोणी उरलं नाही.
माणसं कमी केली की
(इलेक्ट्रॉन म्हणायचं होतं मला)
ती जागा शून्याकडे सरकते.
मॅडमचा नऊ वर्षांचा प्रश्न एवढाच:
क्षेत्र काढूनच घेतलं तर?
कोणी न ढकलता, न सांगता,
ते आपण होऊन वळतील का?

शेवटचे चार बिंदू आज मिळायचे होते.
पण गुरुवार. सुट्टी असली तरी पुण्यात गुरुवार हा गुरुवारच.
वीज गेली, जनरेटरनं अकरा सेकंद घेतले,
वीस मिलिकेल्विनवरून आकडा चारशेवर.
ढेपेनं नुसतं पेनाचं टोपण लावलं.

तसंही, मॅडम म्हणाल्या, त्या टोकाला काही दिसलं नसतं.
फार विरळ झाले की ते वाहतच नाहीत,
खाचाखळग्यांत बसून राहतात.
वळले असले तरी सांगायला बाहेर कोण येणार?

डबा पुसताना कॉम्प्रेसर परत सुरू झाला
आणि आम्ही तिघांनी एकदम मान वळवली, एकाच बाजूला.
मी म्हटलं, बघा.
"हे धरता येत नाही, पासलकर," मॅडम म्हणाल्या,
"आवाज झाला होता."

खरं आहे.
पण त्याआधी टेकडीकडे बघत होतो, अर्धा तास,
तेव्हा कसलाच आवाज नव्हता.
हे मी वहीत लिहिलं नाही.
उरलेली चकली ढेपेनं खिशात टाकली,
आणि मी व्हॉल्व्ह बघायला आत गेलो.